भावना अनावर होतात तेव्हा : डीबीटी उपचार सोप्या भाषेत

काही माणसांना सगळंच जास्त लागतं. कुणाचा शब्द थोडा वाकडा गेला तरी तो दिवसभर डोक्यात घोळत राहतो. राग आला की हातातलं ताट भिंतीवर जातं, रडू सुरू झालं की दोन-दोन तास थांबत नाही, आणि ज्या माणसावर जीव टाकायचा त्याच्याशीच आठवड्यातून दोनदा कायमचं तोडायचं. आपल्याकडं मराठवाड्यात अशा माणसाला घरातच नावं पडतात: तापट, हट्टी, नाटकी, लाडानं बिघडलेली. कुणी देवऋष्याकडं नेतं, कुणी 'लग्न झालं की येईल ठिकाणावर' म्हणून लग्न उरकून टाकतं. मग एखाद्या दिवशी त्या माणसाच्या हातून स्वतःलाच इजा होते आणि सगळं घर दवाखान्यात धावतं.

या माणसांसाठी एक उपचार आहे. तो शास्त्रीय चाचण्यांत तपासलेला आहे आणि त्याचा गाभा कुणालाही कळेल असा आहे: अनावर भावना सांभाळता येणं ही शिकून येणारी गोष्ट आहे. याला डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणतात, थोडक्यात डीबीटी. माझा आग्रह एवढाच, की यातलं निम्मं शिक्षण घरच्यांनी घ्यायचं असतं, आणि आपल्याकडं नेमकं तेच राहून जातं.

अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ होत्या. वारंवार जीव द्यायला निघणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर त्या काम करत. सुरुवातीला त्यांनी त्या काळची वर्तन-उपचाराची पद्धत वापरली, म्हणजे सवयी ओळखा आणि बदला. पण 'बदल' म्हटलं की समोरच्या बाईला ऐकू येई, 'चूक तुझीच आहे.' ती चिडून उठून जाई. मग त्यांनी नुसतं समजून घेण्यावर भर दिला. त्यावर बायका म्हणत, माझा जीव जातोय आणि तुम्ही नुसत्या ऐकून घेताय. शेवटी दोन्ही एकत्र करावं लागलं. तुला जे होतंय त्याला कारण आहे, ते खरं आहे. आणि तरीही तुला बदलावं लागेल. एकमेकांविरुद्ध वाटणाऱ्या या दोन गोष्टी एकाच वेळी हातात धरायच्या, यावर हा सगळा उपचार उभा आहे. स्वीकाराचा भाग त्यांनी झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतला.

या पद्धतीची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा डीबीटी घेणाऱ्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले, त्या उपचार अर्धवट सोडून कमी गेल्या आणि दवाखान्यात कमी दिवस राहिल्या. २००६ साली आणखी कठोर तुलना झाली. या वेळी समोर नेहमीचे नव्हे, तर या कामात नावाजलेले तज्ज्ञ होते. तरीही डीबीटीच्या गटात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्मे होते. २०१४ साली नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलामुलींवरच्या चाचणीतही इजा करून घेण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. दरम्यान २०११ साली लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की सतराव्या वर्षी आपण स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होतो. ज्या अंधारातून त्या बाहेर आल्या, तिथूनच इतरांना बाहेर काढायची वाट त्यांनी शोधली. मला या उपचाराबद्दल विश्वास वाटतो, त्याचं हेही एक कारण आहे.

असं होतं कशामुळं

डीबीटीचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग जन्मजात. काहींची भावनेची यंत्रणाच अशी असते, की तिला ठिणगी लवकर लागते, भडका मोठा होतो आणि विझायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो. पहिला राग पुरता शमायच्या आत दुसरं काहीतरी घडतं, आणि मग माणूस दिवसच्या दिवस तापलेलाच राहतो.

दुसरा भाग आजूबाजूचा. अशा मुलाला लहानपणापासून ऐकायला मिळतं, 'त्यात काय एवढं?', 'रडायला काय झालं?', 'तुझ्या भावाला बघ, तो कसा गप असतो.' प्रत्येक वाक्य साधं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण रोज हेच ऐकलं की मूल दोन गोष्टी शिकतं. एक, मला जे वाटतं ते चुकीचंच असतं. दोन, हळू सांगितलं तर कुणी ऐकत नाही, घर डोक्यावर घेतलं तरच लोक वळून बघतात. आपल्याकडं माणसं दुष्काळ, कर्ज, ऊसतोडीला जाणं-येणं यांतच पिचलेली असतात. सहा-सहा महिने फडावर राहणाऱ्या आईबापाला लेकराच्या रडण्यामागचं कारण विचारत बसायला वेळ कुठून मिळणार? त्यामुळं डीबीटी घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. घराचा स्वभाव आणि लेकराचा स्वभाव जुळला नाही, आणि दोघांनी मिळून एकमेकांना जास्त बिघडवलं, एवढंच ती म्हणते.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःबद्दलचं मत सतत हेलकावे खात राहणं, या विकारासाठी ही पद्धत मुख्यतः ओळखली जाते. प्रत्येक तापट माणसाला तो विकार असतो असं समजू नका; निदान मनोविकारतज्ज्ञानंच करायचं. या विकारासाठी खास मंजूर झालेली अशी एकही गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्याची औषधं देतात आणि ती घ्यावीतही, पण मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा.

वर्गासारखा चालणारा उपचार

पूर्ण डीबीटीत चार गोष्टी असतात. आठवड्यातून एकदा थेरपिस्टशी एकट्यानं बसणं. आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तासांचा कौशल्यांचा गट. अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन करण्याची सोय. आणि चौथी, जी पेशंटला दिसत नाही, ती म्हणजे थेरपिस्ट मंडळींची आपापसातली साप्ताहिक बैठक, कारण हे काम करणाराही थकतो आणि चुकतो. कौशल्यांचा पूर्ण अभ्यासक्रम साधारण २४ आठवड्यांचा असतो आणि बरेचदा तो दोनदा करून वर्ष पूर्ण करतात.

गट म्हटलं की आपल्याकडचा माणूस बिचकतो. तालुक्याच्या गावात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही, आणि एका घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. ही भीती खरी आहे. पण या गटात कुणी आपलं दुःख उलगडून बसत नाही. स्वतःला इजा कशी केली याचं वर्णन करायला तर तिथं मनाईच असते. फळा असतो, वही असते, घरचा अभ्यास असतो, आणि पुढच्या आठवड्यात 'काय जमलं, काय नाही' एवढं सांगायचं असतं. गटातलं बाहेर बोलायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतात. सलग चार आठवडे दांडी मारली तर ठरलेल्या मुदतीपुरतं त्यातून बाहेर पडावं लागतं. कडक वाटतं, पण सराव तुटला की यातलं काहीच उरत नाही.

आपल्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला डबा बांधून, कुणीतरी काठावर उभं असताना, भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. बुडायला लागल्यावर काठावरून सूचना देऊन कुणी पोहायला शिकत नाही. कौशल्यांचंही तसंच, डोकं शांत असताना शिकायची, म्हणजे भडक्याच्या वेळी हाताशी येतात. कौशल्यांचे गठ्ठे चार आहेत: सजगता, संकट निभावणं, भावनांचं नियमन आणि माणसांशी वागणं.

सजगता सगळ्यांत आधी, कारण आत काय चाललंय हे कळलंच नाही तर पुढचं काही करता येत नाही. छातीत धडधडतंय, कान गरम झालेत, मनात 'हा मला टाकून देणार' असा विचार आलाय, हे नुसतं बघायचं आणि मनात शब्दांत मांडायचं. भावना एकीकडं ओढते, कोरडा हिशेब दुसरीकडं. दोघांचं ऐकून जे ठरतं त्याला डीबीटीत शहाणं मन म्हणतात. नामस्मरणाला किंवा विपश्यनेला बसलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

बाकीची तीन कौशल्यं प्रत्यक्ष कशी लागू होतात, हे एका प्रसंगात बघू. प्रसंग मी रचलेला आहे, पण लातूरच्या क्लासच्या भागात राहिलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही.

एका रविवारची साखळी

रेणापूर तालुक्यातली एक मुलगी. बारावी, नीटची तयारी, लातूरला चौघींच्या खोलीत राहणं. रविवारी रात्री तिनं फोन भिंतीवर आपटला, जिवाभावाच्या मैत्रिणीला ब्लॉक केलं आणि स्वतःला इजा करून घेतली. थेरपिस्ट 'असं का केलंस?' म्हणून जाब विचारत नाही. दोघं मिळून त्या दिवसाचा घटकाघटकाचा माग काढतात. याला साखळीचं विश्लेषण म्हणतात.

शनिवारी रात्री तीनपर्यंत अभ्यास, झोप चार तास. सकाळी टेस्ट. दुपारी मेसचं जेवण सोडलं, दोनदा चहा झाला. पाच वाजता व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांच्या मार्कांची यादी पडली, तिचं नाव खालून पाचवं. सव्वापाचला वडलांचा फोन: "सोयाबीनचे सगळे पैसे तुझ्यावर लावलेत, अन् हे मार्क पाडायलीस?" मनात विचार आला, मी घरावर ओझं आहे. छातीत धडधड. रात्री मैत्रिणीला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, मग पुन्हा. मनात आलं, हिलाही मी नको आहे. तिथून रात्रीच्या प्रसंगापर्यंत अर्धा तासही लागला नाही.

साखळी इथं संपत नाही, पुढचंही लिहायचं असतं. त्यानंतर क्षणभर बरं वाटलं. मग लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आईवडील पहिल्या एसटीनं आले, जवळ घेतलं, मार्कांचा विषयसुद्धा काढला नाही. म्हणजे साध्या शब्दांत सांगून जी माया मिळाली नाही, ती इजा केल्यावर मिळाली. हे कुणी मुद्दाम करत नाही, मुलीनंही केलं नाही. पण मन असंच शिकतं, आणि हा दुवा कुणाच्या लक्षात आला नाही तर पुढच्या वेळी तीच वाट धरली जाते.

आता एकेक दुवा घ्या. झोप आणि जेवण हा भावनांच्या नियमनातला पहिला धडा आहे. उपाशी आणि जागरण झालेल्या शरीरात कोणतीही भावना दुप्पट होते. मैत्रिणीचा दुवा आला की तथ्य तपासायचं: फोन उचलला नाही एवढीच घटना आहे, 'हिला मी नको' हा त्यावर चढवलेला अर्थ आहे. ती आंघोळीला गेली असेल, फोन चार्जिंगला असेल. अर्थ चुकीचा निघाला तर भावना जे करायला सांगते त्याच्या उलट करायचं. ब्लॉक करावंसं वाटतंय, तर 'मोकळी झालीस की फोन कर' एवढा मेसेज टाकून खोलीबाहेर येऊन बसायचं.

धडधड इतकी वाढली की विचारच करता येत नाही, अशा वेळी शरीराकडून सुरुवात करावी लागते. चेहऱ्याला थंडगार पाणी लागलं आणि श्वास रोखला की शरीर पाण्यात बुडी मारल्यासारखं वागतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून खाली वाकून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ डोळ्यांवर आणि गालांवर धरून साधारण ३० सेकंद श्वास रोखायचा. मे महिन्यात आपल्याकडं नळाचं पाणीच कढत येतं, त्याचा उपयोग नाही. फ्रिजमधलं पाणी किंवा बर्फ लागतो. हृदयविकार, मंद ठोके किंवा खाण्यासंबंधीचा विकार असेल, हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. त्यांच्यासाठी आणि बाकी सगळ्यांसाठीही दुसरा उपाय आहेच: श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा, असं पाच-सात मिनिटं. यानं प्रश्न सुटत नाही. पुढचा अर्धा तास काही न बिघडता निघतो, आणि त्या रात्री तेवढंच हवं असतं.

वडलांशी बोलणं या सगळ्यात अवघड. त्यासाठी डीबीटीत बोलण्याचा एक क्रम शिकवतात आणि गटात त्याची चक्क तालीम करतात: आधी घडलेलं सांगायचं, मग आपल्याला काय वाटलं, मग नेमकं काय हवं, आणि त्यानं समोरच्याचाही काय फायदा होईल. मुलगी असं म्हणेल:

"अण्णा, परवा यादी बघून तुम्ही लगेच फोन केलात अन् पैशाचं बोललात. मला लई वाईट वाटलं, रात्रभर झोप लागली नाही. इथून पुढं मार्क आले की त्या दिवशी फोन नका करू. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच करते अन् कुठं चुकलं ते सांगते. तसं केलं तर मला पेपर तपासायला वेळ भेटल, अन् तुमच्याशी खोटं बोलायची पाळी येणार नाही."

यात आरोप नाही, रडारड नाही आणि 'तुम्हाला माझी किंमतच नाही' हे वाक्यही नाही. वडील तरीही म्हणतील, "मग आम्ही विचारायचंच नाही का?" तेव्हा आवाज न चढवता तीच मागणी पुन्हा सांगायची. जमत नसेल तर सौदा करायचा: त्याच दिवशी, पण रात्री जेवणानंतर.

घरच्यांचा धडा

किशोरवयीन मुलांच्या डीबीटीत आईवडीलही वर्गात येऊन बसतात. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं कौशल्य आहे समोरच्याच्या भावनेला दाद देणं. मुलगी रडत असताना आई म्हणते, "रडून काय मार्क वाढणारेत का?" त्याऐवजी "एवढं जागून अभ्यास केलास अन् मार्क कमी आले, रडू येणारच" असं म्हणायचं. बस, एवढंच. पुढं उपदेश जोडायचा नाही. बऱ्याच आईवडलांना भीती वाटते, की असं बोललं तर लेकरू आणखी लाडावेल. पण भावनेला दाद देणं म्हणजे वागण्याला होकार नाही. 'तुला राग आला हे मला कळलं, फोन फोडलेला मात्र मला चालणार नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता येतात. आणि प्रेम फक्त संकटानंतर दाखवण्यापेक्षा साध्या, चांगल्या दिवशी दाखवलं, तर साखळीतला तो शेवटचा दुवा आपोआप सैल होतो. दोन शब्द बरे बोलायला मंगळवारची बिनकामाची संध्याकाळसुद्धा पुरते.

स्वीकार म्हणजे सोसत राहणं नव्हे

डीबीटीतला एक भाग आपल्याकडं उलटा समजला जाण्याची मला फार काळजी वाटते. त्यात 'पूर्ण स्वीकार' शिकवतात. काढणीच्या तोंडावर सोयाबीन पाण्यात गेलं. ते गेलं, हे मान्य करणं म्हणजे स्वीकार. मान्य केलं की माणूस पंचनाम्याला जातो, बँकेत जातो, रब्बीचं बघतो. 'असं व्हायलाच नको होतं' यावर महिनाभर अडून बसलं की दुःख आहे तेवढंच राहतं आणि त्यावर नवा त्रास चढतो.

पण नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, अशा बाईला कुणी 'स्वीकार शिक, सहन करायला शिक' असं सांगत असेल, तर ती डीबीटी नव्हे. तिथं स्वीकाराचा अर्थ एकच: हे माझ्यासोबत घडतंय आणि ते आपोआप थांबणार नाही, हे डोळे उघडून बघणं. पुढचं पाऊल सुरक्षिततेचं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. आमच्या बायकांना सोसण्याचं शिक्षण आधीच उदंड मिळालेलं आहे. उपचाराच्या नावाखाली त्यात आणखी भर पडू देऊ नये.

मदत कुठं मागायची

चारही अंगांची पूर्ण डीबीटी मोठ्या शहरांतसुद्धा मोजक्या ठिकाणी मिळते. म्हणून हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासात उपचाराचे भाग वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा कौशल्यांचं शिक्षण हाच सगळ्यात कामाचा भाग ठरला. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, किंवा आपल्या जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, सुरुवात इथून करता येते. मानसशास्त्रज्ञाकडं जात असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का आणि डीबीटीचं प्रशिक्षण कुठं घेतलं, हे मोकळेपणानं विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. ऑनलाइनही उपचार मिळतात, मात्र घरात दार लावून तासभर बोलता येईल अशी जागा आधी बघून ठेवावी लागते.

जीव नकोसा वाटत असेल किंवा घरात कुणाला तसं वाटतंय अशी शंका असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीत उपलब्ध आहे. 'पोलीस केस होईल' या भीतीनं अनेक घरं अशी घटना लपवतात आणि पेशंटला दवाखान्यातच आणत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या कलम ११५ नुसार उलट सिद्ध होत नाही तोवर आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो, आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करण्याऐवजी त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. डॉक्टरांना घडलेलं खरं सांगा. पहिल्या भेटीला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आधीचे कागद सोबत ठेवा, गेल्या महिन्यातल्या एका वाईट दिवसाची साखळी जमेल तशी वहीत लिहून न्या, आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाला आधीच सांगा, की आत काही वेळ पेशंटला डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्यायचं आहे.